धनुष्य घरात आले, आता त्याची निगा

५ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात बर्लिनमधून महाराष्ट्रात जागतिक तिरंदाजीची दोन सुवर्णपदके आली. दोन्ही कंपाउंड धनुष्याची, दोन्ही वैयक्तिक. महिलांमध्ये साताऱ्याची आदिती स्वामी, वय अवघे १७. पुरुषांमध्ये आपल्या नागपूरचा ओजस देवतळे, वय २१. अंतिम सामन्यात ओजसने पंधरा तीर सोडले आणि पंधराही दहाच्या वर्तुळात बसवले. १५० पैकी १५०. समोरचा पोलंडचा खेळाडू १४९ वर थांबला. त्या बिचाऱ्याने पंधरातला फक्त एक तीर नऊवर मारला होता, आणि तेवढ्यावर जगज्जेतेपद हुकले. पुढे दोन महिन्यांतच हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ओजसने तीन सुवर्णपदके मिळवली. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार असणार आहे. आजवर ऑलिम्पिकची दारे या धनुष्याला बंदच होती.

त्यामुळे आता आपल्या घरांतही हे धनुष्य दिसू लागले तर नवल नाही. तीरकमानीला आपल्याकडे किती मान आहे हे वाचकांना आम्ही सांगायला नको. मुलगा किंवा मुलगी हट्ट धरते, आजोबा मनातून खूश होतात, आणि अब्बा हिशेब करायला बसतात. हिशेब मोठा असतो. स्पर्धेच्या दर्जाचे धनुष्य, साइट, स्टॅबिलायझर, रिलीज आणि डझनभर चांगले तीर असे सारे धरले की खर्च लाखांत जातो. कोणते धनुष्य घ्यावे हे सांगणारे पुष्कळ भेटतात. घेतल्यानंतर ते कसे सांभाळावे हे सांगणारे कमी. म्हणून या महिन्याचे सदर त्यावर.

आधी हे यंत्र समजून घेऊ, कारण ते यंत्रच आहे. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हॉलिस विल्बर ॲलन या गृहस्थाने १९६६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते त्याला मिळाले. मधल्या धातूच्या दांड्याला रायझर म्हणतात, त्यावर मूठ असते. वर-खाली दोन कडक पाती असतात, ती लिंब. पात्यांच्या टोकांना लंबगोल चाके असतात, ती कॅम. त्यांच्यावरून दोरी आणि केबली फिरतात. ही चाके वाकडी का, तर सगळी करामत तिथेच आहे. दोरी ओढायला लागल्यावर सुरुवातीला पुरता जोर लागतो, आणि शेवटपर्यंत ओढली की चाक फिरून बहुतेक भार स्वतःवर घेते. ५० पाउंडांचे, म्हणजे सुमारे साडेबावीस किलो ओढीचे धनुष्य असेल आणि त्याची सूट ७५ टक्के असेल, तर पूर्ण ओढल्यावर हातात जेमतेम साडेबारा पाउंड उरतात. सहा किलोंपेक्षाही कमी. म्हणून नेम धरून शांतपणे उभे राहता येते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ओढ जास्तीत जास्त ६० पाउंड चालते.

जुने कमानगर, म्हणजे धनुष्ये घडवणारे कारागीर, लाकूड, शिंग आणि स्नायूंचे तंतू एकत्र चिकटवून कमान करीत. काम झाले की दोरी उतरवून कमान विसावायला ठेवली जाई. कच्छमध्ये कमानगर नावाची मुस्लिम जमात आहे. कमानी गेल्या, पण कमानी रंगवणारा हात भिंती रंगवू लागला आणि त्या चित्रशैलीला कमानगरी नाव पडले. कंपाउंड धनुष्याला मात्र विसावा नाही. भिंतीला टांगलेले असो की पेटीत बंद असो, त्याची पाती दिवसरात्र वाकलेलीच असतात आणि दोरी ताणलेलीच असते. घरच्या निगेचे सारे नियम या एका गोष्टीतून निघतात. न वापरलेले धनुष्यही झिजत असते.

दुसरी गोष्ट गणिताची आहे आणि ती घरातल्या प्रत्येकाने एकदा कागदावर मांडून पाहावी. कंपाउंडची स्पर्धा ५० मीटरवरून होते. दहाचे वर्तुळ ८ सेंटिमीटर व्यासाचे असते, म्हणजे चहाच्या बशीपेक्षाही लहान. नेम धरताना डोळा दोरीत बसवलेल्या एका बारीक भोकातून पाहतो, त्याला पीप म्हणतात. पीपपासून पुढच्या साइटपर्यंतचे अंतर पाऊण ते एक मीटरच्या मधले, ८५ सेंटिमीटर धरू. आता पीप दोरीवर फक्त १ मिलिमीटर वर सरकला, तर ५० मीटरवर तीर सुमारे ६ सेंटिमीटर वर लागेल. मधोमध लागणारा दहा तिथल्या तिथे नऊ होतो. मिलिमीटर म्हणजे आपल्या नखाची जाडी म्हणा ना. मूल तेच, हात तोच, सरावही तोच, आणि गुण खाली.

असे झाले की आपल्याकडे पहिला दोष मुलावर जातो. मोबाइल बघत बसते, झोप नीट घेत नाही, मन लागत नाही. काही घरांत उलटे होते. दर वाईट दिवसानंतर बाप पाने घेऊन धनुष्य पिळायला बसतो. आमच्या मते या दोन्हींत दुसरी खोड जास्त महाग पडते. मुलाला रागावले तर संध्याकाळी समजूत काढता येते. धनुष्य कुठे होते याची नोंद नसताना पिळले, तर ते परत तिथे कसे न्यायचे हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून नवे धनुष्य हाती आल्यावर, आणि प्रशिक्षकाने ते मुलाच्या मापाला नीट बसवून दिल्यावर, पहिले काम म्हणजे मापे घेणे. पाच रुपयांची वही, पोलादी पट्टी, मोजटेप आणि चंदेरी शाईचा मार्कर एवढे पुरते. मुठीच्या खोलगट भागापासून दोरीपर्यंतचे अंतर. वरच्या चाकाच्या आसापासून खालच्या चाकाच्या आसापर्यंतचे अंतर. तीर जिथे दोरीला बसतो त्या डी-लूपपासून पीपच्या मध्यापर्यंतचे अंतर. वरच्या आणि खालच्या पात्याच्या मुळापासून दोरीपर्यंतचे अंतर. पाती ज्या बोल्टांनी बांधलेली असतात ते किती फेरे आत आहेत. तिराचा टेकू, म्हणजे रेस्ट, कुठल्या रेघेवर आहे. साइटचा आकडा. हे सारे तारीख घालून लिहायचे, आणि चाके विश्रांतीत जिथे थांबतात तिथे मार्करने बारीक खूण करायची. दर रविवारी पुन्हा मोजायचे. दहा मिनिटांचे काम आहे. धनुष्य ओढायची गरज नाही, आणि घरात ते ओढायचेही नाही.

वहीचा उपयोग काय होतो ते आम्ही शहरातल्या एका घरी पाहिले. मुलगी अकरावीत, दोन वर्षे कंपाउंड खेळणारी. तीन आठवड्यांपासून गुण घसरत होते. तीर वर लागत, ती साइट वर करी, दोन दिवस बरे जात, की पुन्हा तीर वर. वडिलांचे म्हणणे, ही खांदा उचलते. तसे ते तिला रोज सांगतही होते. आम्ही गेलो त्या रविवारी जोहरच्या नमाजनंतर ते बोल्ट आवळायला बसले, तर मुलगी म्हणाली, “अब्बू, आधी वही बघा, मग हात लावा.” वहीत साइटचे आकडे होते. तीन आठवड्यांत साइट तीनदा हलली होती, आणि तिन्ही वेळा एकाच दिशेला. वडील थोडा वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. मग तिने पट्टी लावली. डी-लूपपासून पीपपर्यंतचे अंतर पहिल्या नोंदीपेक्षा २ मिलिमीटर जास्त भरले. पीपच्या वरची दोऱ्याची गाठ ढिली पडून पीप दर सरावाला केसभर वर चढत होता. वडिलांनी टॉर्च धरला, तिने पीप जुन्या मापावर आणून वर-खाली नव्या दोऱ्याने घट्ट बांधला. “उगाच बोललो तुला, बेटा,” एवढेच ते म्हणाले. तिने नवी तारीख घालून माप लिहिले आणि साइट पहिल्या आकड्यावर नेली.

यातली खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. धनुष्याचा बिघाड बहुधा एकाच दिशेने जातो. हात चुकला की तीर इकडे-तिकडे विखुरतात. सगळे तीर एका जागी गोळा होत असतील पण ती जागा चुकीची असेल, तर आधी पट्टी काढावी. तीर चारही दिशांना जात असतील तर धनुष्य पेटीत राहू द्यावे आणि मुलाचे काय चालले आहे ते विचारावे.

आता दोरी. मोमिनपुऱ्यात किंवा कामठीत ज्यांच्या वाडवडिलांच्या घरी माग होता, त्यांना ताणलेला धागा काय चीज आहे हे शिकवावे लागत नाही. धनुष्याची दोरी वीस-पंचवीस बारीक धाग्यांची असते आणि ते धागे बहुधा डायनीमा आणि व्हेक्ट्रान या दोन कृत्रिम तंतूंचे मिश्रण असतात. डायनीमा फार बळकट, पण सतत ताणाखाली, आणि उष्णतेत विशेष, हळूहळू लांबतो. व्हेक्ट्रान लांबत नाही, म्हणून तो मिसळतात. दोरी लांबली की मुठीपासूनचे अंतर बदलते, ओढ बदलते, चाके आपल्या खुणेवरून सरकतात, आणि पीप फिरून डोळ्याला पूर्ण गोलाऐवजी अर्धा चंद्र दिसू लागतो.

दोरीवर बोट फिरवल्यावर ती कोरडी लागली किंवा बारीक लव दिसली, की मेण लावायची वेळ झाली. आधी स्वच्छ सुती कापडाने धूळ पुसायची. मग धनुष्याच्या दोरीचे म्हणून मिळणारे मेण थोडेसे फिरवून दोन बोटांच्या चिमटीत दोरी घासायची. बोटांच्या उबेने मेण आत जाते. जास्तीचे पुसून काढायचे, कारण चिकट दोरी धूळ धरते आणि धूळ धागा कापते. जिथे दोरीवर दुसरा दोरा गुंडाळलेला असतो, त्या सर्व्हिंगवर मेण लावायचे नाही. घरातली मेणबत्ती चालत नाही, खोबरेल तेल तर मुळीच नाही. लव जाळायला काडी किंवा लायटर जवळ नेऊ नये. डायनीमा १५० अंशांच्या आतबाहेरच वितळतो. एक जरी धागा तुटलेला दिसला तर तिथेच थांबायचे. ते धनुष्य दोरी बदलेपर्यंत कुणी ओढायचे नाही, मग उद्या निवड चाचणी का असेना.

उष्णतेबद्दल नागपूरकरांना काय सांगावे! मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या मोटारीच्या आत त्याहून कितीतरी जास्त तापते. धनुष्याची पेटी गाडीत ठेवून नमाजला किंवा बाजारात जाणे म्हणजे दोरीला भट्टीत ठेवणे आहे. तिराचे टोक अनेकदा गरम करून लावायच्या डिंकाने बसवलेले असते. गाडीत तो डिंक मऊ पडतो आणि लक्ष्यातून तीर ओढताना टोक आतच राहते. पत्र्याखालची खोली नको, गच्चीवरची कोठीही नको. आणि आणखी एक नागपुरी शत्रू म्हणजे कूलर. मुलांच्या खोलीत कूलर भर वेगाने चालू असतो आणि बरोबर त्याच्या झोतात धनुष्य टांगलेले असते. ओल बसून स्क्रू गंजतात. आतल्या खोलीतले लोखंडी किंवा लाकडी कपाट सगळ्यांत बरे. पावसाळ्यात सरावाहून आल्यावर धनुष्य पुसून पंख्याखाली वाळवावे, मगच पेटी बंद करावी. आतला स्पंजही ओला राहू देऊ नये.

हत्यारांबद्दल एक छोटी पण कामाची गोष्ट. यातली बरीच धनुष्ये अमेरिकन बनावटीची असतात आणि त्यांचे षट्कोनी स्क्रू इंचाच्या मापाचे असतात. सायकलच्या दुकानात मिळणाऱ्या ॲलन-की मिलिमीटरच्या. बसल्यासारखी वाटते, फिरवली की स्क्रूची कोपरे गोल होतात, आणि मग तो स्क्रू कोणत्याच चावीने निघत नाही. इंचाचा संच वेगळा घ्यावा आणि पेटीतच ठेवावा. दर तीर सोडल्यावर धनुष्याला हादरा बसतो, त्यामुळे साइट, रेस्ट आणि स्टॅबिलायझरचे स्क्रू हळूहळू सैल होतात. आठवड्यातून एकदा बोटाने चाचपून पाहावे. जो वारंवार सैल होतो त्याला निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब पुरे. लाल रंगाचा घेऊ नये, तो पुन्हा सुटायला तापवावा लागतो.

तिरांचे वजन ग्रेनमध्ये लिहिलेले असते. १ ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४ ग्रेन. इतवारीच्या सराफ्यातल्या दुकानांत असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घरात असला तर उत्तम. बहुतेक कंपन्या धनुष्याच्या दर पाउंडामागे तिराचे वजन किमान ५ ग्रेन हवे असे सांगतात. ५० पाउंडांच्या धनुष्याला २५० ग्रेन, म्हणजे १६ ग्रॅमहून थोडे जास्त. त्याहून हलका तीर लावला तर सुटलेली शक्ती तिरात न जाता पात्यांत आणि चाकांत परत येते. काटा असला की डझनातला एखादा तीर इतरांपेक्षा जड का, हेही कळते. बहुधा तिरात तुटलेल्या नॉकचा तुकडा अडकलेला असतो. कार्बनचा तीर वापरण्यापूर्वी दोन्ही हातांत धरून, तोंडापासून दूर, हलकासा वाकवावा आणि पिळावा. चर्र असा आवाज आला तर त्या तिराचे दोन तुकडे करून फेकून द्यावे, म्हणजे धाकटा भाऊ कचऱ्यातून उचलून परत आणणार नाही. तडा गेलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याची कुसळे धरलेल्या हातात घुसतात.

सुसूत्रीकरण, ज्याला मुले ट्यूनिंग म्हणतात, त्यातला घरच्यांनी शिकावा असा भाग म्हणजे कागदाची कसोटी. हे काम मैदानावरच करायचे, प्रशिक्षकाच्या परवानगीने. गच्चीवर नाही, गल्लीत तर नाहीच. चुकलेला तीर शे-दोनशे मीटर सहज जातो. जुन्या तसबिरीच्या चौकटीला वर्तमानपत्राचा कागद ताणून चिकटवायचा. खेळाडूने दोन मीटरवरून त्यातून सरळ तीर मारायचा, आणि लक्ष्याची गादी कागदाच्या मागे दीडेक मीटरवर हवी, म्हणजे तीर गादीत शिरण्यापूर्वी कागदातून पुरता निघून जातो. मग भोक वाचायचे. टोकाचे गोल भोक आणि त्याभोवती पिसांच्या तीन चिरा नीट पडल्या तर तीर सरळ निघाला. पिसांच्या चिरा टोकाच्या भोकापेक्षा वर फाटल्या तर तीर शेपूट वर करून निघतो आहे. डी-लूप थोडा खाली आणावा, किंवा रेस्ट थोडा वर न्यावा. थोडा म्हणजे अर्धा मिलिमीटर. खाली फाटल्या तर उलट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, वहीत लिहायची, आणि पुन्हा तीन-चार तीर मारून पाहायचे.

आडवे फाटले तर लगेच रेस्टला हात लावू नका. बहुतेकदा मूठ घट्ट आवळल्याने धनुष्य पिळते आणि कागद आडवा फाटतो. मूठ सैल धरून पाच तीर मारावेत. प्रत्येक वेळी फाटणे निराळे आले तर दोष हाताचा. पाचही वेळा तसेच आले तर मग रेस्ट. पिसे रेस्टला घासत असतील तरी असेच होते, आणि ते शोधायची युक्ती साधी आहे. आपाच्या कपाटातली जुनी लिपस्टिक मागून घ्या, रेस्टच्या कडेला बोटभर लावा आणि एक तीर मारा. पिसावर रंग आला तर घासते आहे. मग नॉक थोडा फिरवून पिसांची दिशा बदलायची.

बोटांनी दोरी सोडली की ती बाजूला सरकते आणि तीर वळवळतो. म्हणून कंपाउंडमध्ये रिलीज नावाचा हातातला चाप वापरतात. मुघल तिरंदाज याच कारणाने अंगठ्यात कडे घालून दोरी सोडत. शाहजहानचे असे एक पांढऱ्या जेडचे कडे, १६३०-३१ सालचे, आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ते बोटातले कडे होते, साफ पुसले की झाले. रिलीजमध्ये मात्र बारीक स्प्रिंगा आणि दाते असतात. त्यात धूळ गेली की तो अवेळी सुटतो किंवा सुटतच नाही. जुन्या दातघासणीने तो झाडावा, पुस्तिकेत सांगितले असेल तरच तेल लावावे, आणि कधीही खिशात सुटा ठेवू नये.

रमजानमध्ये काही पालक विचारतात, रोजा आहे, तर धनुष्याची ओढ कमी करून द्यावी का? करता येते. दोन्ही पात्यांचे बोल्ट सारखेच फेरे सैल केले की फेऱ्याला साधारण दोन-तीन पाउंड उतरतात. पण पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपेक्षा एक फेराही जास्त नाही, नाहीतर पाते जागा सोडते. शिवाय ओढ बदलली की साइट बदलते, तिराचा मेळ बदलतो, आणि ईदनंतर सगळे पुन्हा बसवावे लागते. त्यापेक्षा तिरांची संख्या कमी करावी, असे आम्हाला वाटते. साठऐवजी वीस.

आणि आता जे घरी करायचेच नाही ते. दोरी किंवा केबल उतरवणे, केबलला पीळ देणे, चाकांचा मेळ दुरुस्त करणे ही कामे बो-प्रेस नावाच्या यंत्राशिवाय होत नाहीत. बो-प्रेस पाती दाबून धरतो तेव्हा दोरी सैल होते. पाती नीट बसली नाहीत आणि एक निसटले, तर समोर बसलेल्याचा डोळा किंवा जबडा जाऊ शकतो. हलके, हातात न्यायचे प्रेसही मिळतात. आम्ही ते एकट्या घरासाठी घ्यायला सांगणार नाही. चार-पाच पालकांनी मिळून एक चांगला प्रेस प्रशिक्षण केंद्रात ठेवावा आणि दोघा मोठ्यांनी तो जाणत्याकडून शिकून घ्यावा. चाकांचा मेळ बिघडला आहे की नाही हे ओळखणे मात्र घरच्यांना जमते. मैदानावर मूल लक्ष्याकडे तोंड करून, तीर लावून धनुष्य पूर्ण ओढत असताना बाजूला उभे राहून मोबाइलवर चित्रण करा. दोन चाके असलेल्या धनुष्यात दोन्ही चाकांचे अटकाव एकाच क्षणी टेकले पाहिजेत. एक आधी टेकत असेल तर प्रेसची वेळ आली.

सगळ्यांत मोठा धोका मात्र पाहुण्यांचा. ईदच्या दिवशी घर भरलेले असते, मामूजान कौतुकाने म्हणतात, “जरा दाखव ना बेटा, कसे ओढतात,” आणि भाचा नाही म्हणू शकत नाही. तीर न लावता धनुष्य ओढून सोडले तर तिरात जाणारी सगळी शक्ती धनुष्यातच फुटते. दोरी तुटते, चाक वाकते, पाते चिरफाळते, आणि उडालेला तुकडा कुणालाही लागतो. अशा एका खेळाने पूर्ण धनुष्य जाते. कंपनीही सहसा भरपाई देत नाही. म्हणून पेटीला कुलूप, आणि किल्ली खेळाडूकडे. हा नियम मोठ्यांनी मुलाला घालून देण्यापेक्षा मोठ्यांनी स्वतःवर घालून घ्यावा, कारण मुलाला मामूंना नकार द्यायला लावणे बरे नाही. “किल्ली मैदानावर राहिली,” असे न म्हणता, “याला घरात हात लावत नाहीत,” एवढे वडिलांनीच सांगावे.

दोरी-केबलींचा संच केव्हा बदलायचा, हा शेवटचा प्रश्न. नियमित सराव करणाऱ्याचा संच साधारण वर्षभर जातो, पण तारखेपेक्षा वहीवर भरवसा ठेवावा. मापे दर आठवड्याला सरकू लागली, मेण लावूनही लव परत येऊ लागली, चाकावरून जाणारी सर्व्हिंग फाकू लागली, की नवा संच मागवावा. तो येईपर्यंत काही आठवडे जातात हे धरून चालावे. बसवल्यावर पहिल्या शंभर-दोनशे तिरांत नवी दोरी थोडी लांबते आणि पीपही फिरतो, म्हणून स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात दोरी बदलू नये. किमान तीन आठवडे आधी बदलून मापे पुन्हा घ्यावीत. जुन्या संचातला चांगला असेल तो पेटीत सुटा ठेवून द्यावा. बाहेरगावी दोरी तुटली, तर तेवढ्यावर सामना पुरा होतो.